सुझॅन सियानी ऐकायला सुरुवात करताना: बुकला सिंथेसायझर, अल्बम आणि मैफली

सुझॅन सियानी यांचे नाव कोणाकडून तरी ऐकून त्यांचे संगीत शोधायला बसलेल्या माणसासमोर दोन अगदी निराळ्या संगीतकार उभ्या राहतात. एकीचे संगीत पियानो आणि मऊ सिंथेसायझर यांच्या संगतीने शांतपणे वाहते, त्यात सहज गुणगुणता येतील अशा चाली आहेत आणि त्या संगीताला पाच वेळा ग्रॅमी नामांकन मिळालेले आहे. दुसरी बुकला सिंथेसायझर या रंगीत तारांनी गजबजलेल्या यंत्रासमोर उभी असते. या यंत्राला पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नाहीत, आणि त्यातून निघणारे आवाज कधी पाण्याच्या थेंबांसारखे, कधी पाखरांच्या थव्यासारखे, तर कधी कशासारखेच नसतात. दोघी अर्थात एकच आहेत. नवखा श्रोता मात्र योगायोगाने हाती आलेल्या पहिल्या अल्बमवरून मत बनवतो. पियानोचा अल्बम लागला तर त्याला हे संगीत फारच गोड वाटते, आणि १९७५ची बुकलाची मैफल लागली तर त्याला त्यात संगीतच सापडत नाही. म्हणून या संगीताकडे जाताना क्रमाला महत्त्व आहे, आणि तो क्रम सुचवण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. सियानी यांच्या बुकलावरच्या संगीतात चाल शोधत बसू नये, आवाजाची हालचाल शोधावी. आवाज उजळतो कसा, मावळतो कसा, दाट कधी होतो, विरळ कधी होतो आणि खोलीत कुठून कुठे जातो, हेच त्या संगीताचे कथानक आहे. ही सवय कानाला लागली की बाकीचे फारसे समजावून सांगावे लागत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या ती सवय लावण्यासाठीच आहेत.

ऐकण्याआधीची थोडी ओळख

सियानी यांचा जन्म १९४६ मध्ये अमेरिकेत झाला. वेल्सली कॉलेजात त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शिक्षण घेतले आणि पुढे बर्कली येथे कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९७० मध्ये संगीतरचनेची पदव्युत्तर पदवी मिळवली. बर्कलीतच त्यांची हे वाद्य घडवणारे डॉन बुकला यांच्याशी गाठ पडली आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. बुकला यांच्या कार्यशाळेत त्यांनी सर्किटांची जोडणी आणि सोल्डरिंग करण्याचे काम केले, त्यामुळे हे वाद्य वाजवण्याआधी त्यांनी ते आतून हाताळलेले होते. १९७४ मध्ये त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि जाहिरातींसाठी आवाज घडवणारी स्वतःची कंपनी तिथे त्यांनी उभी केली. १९९२ मध्ये त्या कॅलिफोर्नियातल्या बोलिनस या समुद्रकाठच्या गावी राहायला गेल्या.

आता वाद्याविषयी. येथे मी जरा थांबणार आहे, कारण वाद्य कळले की निम्मे संगीत कळते.

१९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमध्ये काम करणाऱ्या मॉर्टन सबॉटनिक आणि रमोन सेंडर या संगीतकारांनी बुकला यांच्याकडे एका नव्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची मागणी केली. त्याच सुमारास अमेरिकेच्या पूर्व भागात रॉबर्ट मोग आपला सिंथेसायझर घडवत होते. दोन्ही वाद्ये विद्युतदाबावर चालणारी होती, पण मोग यांच्या वाद्याला पियानोसारखी पट्टी मिळाली आणि बुकला यांनी ती जाणीवपूर्वक टाळली. पट्टी पुढे आली की बोटे ओळखीचेच संगीत वाजवू लागतात, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी तिच्या जागी स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या धातूच्या चकत्या दिल्या आणि नव्या वाद्यासाठी नव्या वादनपद्धतीचा आग्रह धरला. सियानी यांनी हा आग्रह मनापासून स्वीकारला. १९७० मध्ये आलेली बुकला २०० ही मालिका त्यांचे पहिले खरे वाद्य ठरली.

हे वाद्य म्हणजे अनेक सुट्या घटकांची, म्हणजे मॉड्यूलांची, एक चौकट असते. एक मॉड्यूल स्वर निर्माण करते, दुसरे त्याचा पोत बदलते, तिसरे त्याचा चढउतार ठरवते, आणि ही मॉड्यूले एकमेकांशी तारांनी जोडायची असतात. तारांतून व्होल्टेज वाहते. एका ठिकाणी तेच व्होल्टेज स्वराची उंची ठरवते, दुसऱ्या ठिकाणी स्वराची तेजस्विता, तर तिसऱ्या ठिकाणी लय. तारांची जोडणी बदलली की वाद्याचा स्वभावच बदलतो. सिक्वेन्सर नावाचे मॉड्यूल ठरवून दिलेली व्होल्टेजे एकामागून एक पाठवत राहते, त्यामुळे स्वरांची एक साखळी आपोआप फिरत राहते आणि वादकाचे हात मोकळे राहतात. त्या मोकळ्या हातांनी वादक काय करतो, हे सियानी यांच्या मैफलीत ऐकायचे असते.

एक घटक जवळून पाहण्यासारखा आहे. बुकला यांच्या २९२ क्रमांकाच्या मॉड्यूलमध्ये, ज्याला लो-पास गेट म्हणतात, एका छोट्या बंद डबीत एक दिवा आणि त्याच्यासमोर प्रकाशाला प्रतिसाद देणारा रोध, म्हणजे विजेला अडवणारा घटक, बसवलेला असतो. व्होल्टेज आले की दिवा लागतो, रोध कमी होतो आणि आवाज मोकळा होतो. दिवा विझतो क्षणात, पण रोधाला अंधारातल्या मूळ स्थितीत परतायला किंचित वेळ लागतो. त्या किंचित वेळात आवाज नुसता लहान होत नाही, तर आधी त्यातली वरची, तेजस्वी कंपने निघून जातात आणि खालचा घुमारा मागाहून विरतो. लाकडावर, ताणलेल्या चामड्यावर किंवा पाण्यावर आघात केला की आवाज असाच विझतो. म्हणूनच बुकलाचे छोटे आवाज संपूर्णपणे विजेचे असूनही कोणीतरी काहीतरी हाताने वाजवल्यासारखे वाटतात. अल्बम ऐकताना असा टपकन येऊन गोलसर विरणारा आवाज कानावर पडला, की त्या डबीतला दिवा विझताना डोळ्यांसमोर आणावा.

पहिली पायरी: काही सेकंदांपासून आरंभ

सुरुवात पूर्ण अल्बमपासून करू नये, असा माझा सल्ला आहे. 'लिक्सिव्हिएशन' हा फाइंडर्स कीपर्स या प्रकाशनाने २०१२ मध्ये काढलेला संग्रह घ्यावा. त्यात १९६९ ते १९८५ या काळातले सियानी यांचे छोटे छोटे तुकडे आहेत, आणि जाहिरातींसाठी तसेच कंपन्यांच्या बोधचिन्हांसाठी केलेले आवाजही आहेत. कोका-कोलाच्या बाटलीचे झाकण उघडते, पेय ओतले जाते आणि फेस फसफसत वर येतो, असा एक आवाज त्यांनी १९७०च्या दशकात घडवला आणि तो जगभर ऐकला गेला. त्यात ना बाटली आहे, ना पेय. तो सगळा सिंथेसायझरचा खेळ आहे.

हा तुकडा सलग पाच-सहा वेळा ऐकावा आणि दर वेळी एकाच भागावर लक्ष ठेवावे. पहिल्यांदा फक्त झाकणाचा आघात ऐकावा. दुसऱ्यांदा ओतण्याचा आवाज ऐकताना स्वराची उंची कशी सरकते ते पाहावे, कारण भांडे भरत आले की खऱ्या आयुष्यातही आवाज वर चढतो आणि आपला कान नकळत त्यावरूनच भांडे किती भरले ते ओळखतो. तिसऱ्यांदा बुडबुडे ऐकावेत. ते समान अंतराने येत नाहीत, आणि म्हणूनच खरे वाटतात. अगदी थोड्या वेळात येथे आघात, चढण आणि विखुरणे अशा तीन प्रकारच्या हालचाली आलेल्या आहेत. सियानी यांच्या मोठ्या रचनांतही याच हालचाली सावकाश आणि विस्ताराने भेटतात.

जाहिरातीच्या कामाकडे 'पोटापाण्याचा उद्योग' म्हणून दुर्लक्ष करण्याची एक रीत आहे. ती मला चुकीची वाटते. काही सेकंदांत एक आवाज स्पष्ट, ओळखीचा आणि हवाहवासा करायचा, ही शिस्त त्यांच्या मैफलींतही दिसते. त्यांचा कुठलाही आवाज उगाच घुटमळत नाही. बॅली कंपनीच्या 'झेनॉन' या १९८०च्या पिनबॉल यंत्रासाठीही त्यांनी संगीत केले आणि त्यातला बोलणारा आवाजही त्यांचाच आहे. पुढे १९८१च्या 'द इन्क्रेडिबल श्रिंकिंग वूमन' या चित्रपटाचे पार्श्वसंगीत त्यांनी केले. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत एकहाती करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

दुसरी पायरी: 'सेव्हन वेव्ह्ज'

पहिला सलग अल्बम हाच असावा. तो १९८२ मध्ये आधी जपानमध्ये प्रकाशित झाला आणि अमेरिकेत त्यानंतर आला. गाणारी स्त्री विकायची कशी हे अमेरिकी कंपन्यांना माहीत होते, पण न गाणाऱ्या, यंत्र वाजवणाऱ्या स्त्रीचे काय करावे हे त्यांना उमगत नव्हते. सियानी यांनी हे मुलाखतींतून पुष्कळदा सांगितले आहे. अल्बममध्ये सात लाटा आहेत. पहिलीचे नाव 'बर्थ ऑफ व्हीनस' आणि पाचवीचे 'वॉटर ललबाय'. येथे बुकलासोबत इतर सिंथेसायझरही आहेत आणि स्पष्ट स्वरावली आहेत, त्यामुळे नवख्या कानाला धरायला काहीतरी मिळते.

'बर्थ ऑफ व्हीनस' लावल्यावर आधी समुद्राची गाज ऐकू येते. ही गाज किनाऱ्यावर जाऊन मुद्रित केलेली नाही. सर्व कंपने एकदम असलेला एक सपाट खरखराट घेतला, तो काही कंपने गाळणाऱ्या फिल्टरमधून काढला आणि त्या फिल्टरचे तोंड सावकाश उघडत-मिटत ठेवले, की लाट तयार होते. उघडताना वेग कमी, माथ्यावर क्षणभर फुटणे आणि मिटताना लांब ओसरणे, असे तिचे तीन भाग असतात. हे तीन भाग डोळे मिटून मोजता आले की पुढचा अल्बम आपोआप उलगडतो, कारण प्रत्येक रचनेचा मोठा आराखडाही लाटेसारखाच आहे. स्वर गोळा होत जातात, एका उंचीवर भरून येतात आणि कुठलाही ठसठशीत शेवट न करता ओसरतात.

येथे एक व्यावहारिक सूचना. हा अल्बम मोबाइलच्या अंगच्या स्पीकरवर ऐकू नये. मी तो पहिल्यांदा तसाच ऐकला होता आणि खालचे स्वर मुळात ऐकूच न आल्याने मला सगळे पातळ आणि निस्तेज वाटले होते. साधे पण कान पूर्ण झाकणारे हेडफोन पुरतात. स्पीकर असतील तर दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण होईल असे बसावे आणि स्पीकर भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नयेत. आवाज मध्यम ठेवावा. फार मोठा केला तर गाजेचा खरखराट बाकी सर्व झाकून टाकतो.

एका बैठकीत पूर्ण अल्बम झाला पाहिजे असा आग्रह नाही, पण एक लाट मध्ये तोडू नये.

तिसरी पायरी: १९७५च्या मैफली

आता खऱ्या गाभ्याकडे येऊ. 'बुकला कॉन्सर्ट्स १९७५' हा अल्बम २०१६ मध्ये प्रकाशित झाला. त्यात न्यूयॉर्कमधल्या दोन मैफली आहेत. एक डब्ल्यूबीएआय रेडिओच्या फ्री म्युझिक स्टोअर या उपक्रमातली आणि दुसरी संगीतकार फिल निब्लॉक यांच्या लॉफ्टमधली, म्हणजे मोठ्या खुल्या जागेतली. म्हणजे चार दशके हे ध्वनिमुद्रण बहुतेकांना ऐकायलाच मिळाले नव्हते. सियानी यांचे सर्वांत महत्त्वाचे काम कोणते, असे मला कोणी विचारले तर मी हाच अल्बम पुढे करीन. पण तो तिसऱ्या पायरीवर ठेवण्याचे कारणही स्पष्ट आहे. येथे आधाराला चाल नाही, पियानो नाही आणि समुद्राचे चित्रही मधूनमधूनच आहे.

एकच मैफल तीन वेळा, शक्यतो तीन निरनिराळ्या दिवशी ऐकावी.

पहिल्या वेळी फक्त साखळ्या ऐकाव्यात. सिक्वेन्सर ठरलेले स्वर फिरवत आहे हे लक्षात येईल. आपल्याकडे ठेका चालू असताना श्रोता मनात सम धरून ठेवतो, तशी एखादी साखळी कुठे सुरू होते ते धरण्याचा प्रयत्न करावा. काही वेळाने ती निसटेल, कारण सियानी साखळीचा वेग बदलतात, मधले स्वर गाळतात किंवा एकीवर दुसरी साखळी चढवतात. ती निसटण्याची जागा लक्षात ठेवावी, कारण तिथेच वादकाचा हात पडलेला असतो.

दुसऱ्या वेळी साखळीकडे दुर्लक्ष करून फक्त आवाजाचा पोत ऐकावा. तोच स्वर कधी बासरीसारखा गोल, कधी धातूसारखा झणझणीत, कधी लाकडासारखा कोरडा होतो. बुकलाच्या ऑसिलेटरमध्ये, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलमध्ये, एक कंपन दुसऱ्या कंपनाला अतिशय वेगाने हलवू शकते आणि त्या हलण्याचे प्रमाण वाढवले की साध्या स्वरातून नवनवी उपकंपने फुटू लागतात. गायक एकाच स्वरावर आकार, इकार, उकार करत गेला तर स्वर न बदलताही त्याचा रंग बदलतो. ते ज्याने लक्ष देऊन ऐकले आहे, त्याला हा बदल परका वाटणार नाही.

तिसऱ्या वेळी आवाजाची जागा ऐकावी. सियानी यांच्या दृष्टीने श्रोत्याच्या चारी कोपऱ्यांत चार स्पीकर ही या वाद्याची मूळ गरज आहे. बुकला २०० मालिकेतल्या २२७ क्रमांकाच्या मॉड्यूलने एखादा आवाज चारही स्पीकरांवर फिरवता येतो, आणि तो फिरवण्याचे कामही व्होल्टेजच करते. त्यामुळे जी लय स्वराला मिळते तीच लय त्याच्या प्रदक्षिणेलाही देता येते. वेगवान साखळी असेल तर प्रत्येक स्वर वेगळ्या कोपऱ्यातून उमटतो, संथ असेल तर एखादा आवाज पाठीमागून सरकत येतो. दोन वाहिन्यांच्या अल्बममध्ये पुढची-मागची हालचाल हरवते, हे मान्य करूनच ऐकावे लागते. तरीही हेडफोनवर डावी-उजवीकडची हालचाल ऐकू येते, आणि तिच्यावरून उरलेली कल्पना करता येते.

या तंत्राविषयी अधिक जाणून घ्यायचे असेल तर सियानी यांचा १९७६चा अहवाल वाचावा. अमेरिकेच्या कलाविषयक राष्ट्रीय निधीकडून मिळालेल्या अनुदानाचा हिशोब म्हणून त्यांनी तो लिहिला होता. मैफलीसाठी वाद्याची जोडणी कशी करावी, कोणती गोष्ट आधी ठरवून ठेवावी आणि कोणती हातात मोकळी ठेवावी, याची त्यात बारकाईने मांडणी आहे. तो अहवाल नवख्या वाचकाला जड जाईल. पण तारा कशाही खुपसून हे संगीत होत नाही, त्यामागे वादनाची एक पद्धत आहे, एवढे तो चाळून पाहिला तरी पटते.

मधला काळ

१९८०च्या दशकात सियानी बुकलापासून दूर गेल्या. हे वाद्य नाजूक होते, ते बिघडले की दुरुस्तीला फार काळ जाई, आणि चार स्पीकरांची व्यवस्था करून द्यायला सभागृहे तयार नसत. १९८६चा 'द व्हेलॉसिटी ऑफ लव्ह', १९८८चा 'नेव्हरलँड' आणि १९९०चा केवळ पियानोचा 'पियानिस्सिमो' हे या काळातले अल्बम आहेत. ज्यांना चाल हवी आहे त्यांनी पहिल्याचे शीर्षकगीत जरूर ऐकावे. प्रयोगशील संगीताच्या शोधात आलेल्या श्रोत्याने येथे फार रेंगाळण्याची गरज नाही. मात्र हे अल्बम पूर्णपणे वगळूही नयेत, कारण स्वरांना श्वास घ्यायला जागा देण्याची त्यांतली सवय पुढच्या मैफलींत परत आलेली दिसते.

चौथी पायरी: बुकलाकडे परतल्यानंतर

डॉन बुकला यांनी २००४ मध्ये आपल्या जुन्या मालिकेची नवी आवृत्ती २००ई या नावाने काढली, आणि सियानी पुन्हा या वाद्याकडे वळल्या. ५ मार्च २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ग्रे एरिया या जागी त्यांनी चार स्पीकरांवर एकल मैफल केली. बुकलावरची त्यांची अशी एकल मैफल सुमारे चाळीस वर्षांनी होत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉन बुकला यांचे निधन झाले.

त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण 'लाइव्ह क्वाड्राफोनिक' या नावाने २०१८ मध्ये निघाले. चार वाहिन्यांचा आवाज विनाइल तबकडीच्या दोन वाहिन्यांत सांकेतिक रूपाने साठवलेला असतो आणि तो पुन्हा वेगळा करणारे एक छोटे उपकरण तबकडीबरोबरच दिले होते. या आवृत्तीच्या प्रती २२७ काढल्या. आवाज फिरवणाऱ्या मॉड्यूलचा क्रमांक २२७, म्हणून प्रतीही तेवढ्याच. मला हा तपशील फार आवडतो. एका संगीतकाराने आपल्या वाद्याच्या एका घटकाला दिलेली ती मानवंदना आहे.

१९७५ची मैफल आणि ही मैफल पाठोपाठ ऐकल्या की एक गोष्ट जाणवते. सियानी यांनी जुन्याच काही स्वरसाखळ्यांवर पुन्हा उपज केली आहे. चार साखळ्या हा त्यांच्या मैफलीचा कायमचा पाया आहे आणि त्यांच्या नंतरच्या एका अल्बमचे नावही 'इम्प्रोव्हिजेशन ऑन फोर सीक्वेन्सेस' असेच आहे. एखादा गवई तीच बंदिश वयाच्या तिशीत आणि सत्तरीत गातो, तेव्हा बंदिशीपेक्षा बढतीतला फरक ऐकण्यासारखा असतो. तेच येथे करावे. १९७५मध्ये हालचाली अधिक अणकुचीदार आहेत, आवाज एकमेकांना भिडतात. २०१६मध्ये समुद्राच्या गाजेला अधिक वेळ मिळाला आहे आणि एका प्रसंगातून दुसऱ्यात जाण्याची घाई नाही.

याच पायरीवर 'सनर्जी' हा २०१६चा अल्बम ठेवावा. केटलिन ऑरेलिया स्मिथ या तरुण संगीतकार तेव्हा बोलिनसच्याच रहिवासी होत्या. या अल्बममध्ये त्या बुकला म्युझिक ईझल हे छोटे वाद्य आणि सियानी २००ई वाजवतात. पॅसिफिक समुद्राकडे तोंड असलेल्या सियानी यांच्या घरी हे वादन झाले. दोन बुकला एकत्र असताना कोणता आवाज कोणाचा हे ओळखण्याचा नाद सुरुवातीला सोडून द्यावा. आधी दोन्हींचे मिळून जे दाटणे-विरळणे होते ते ऐकावे.

ज्यांना हा सगळा प्रवास पडद्यावर पाहायचा असेल, त्यांच्यासाठी 'अ लाइफ इन वेव्ह्ज' हा २०१७चा माहितीपट आहे. तो मात्र अल्बम ऐकल्यानंतर पाहावा. आधी पाहिला तर कान माहितीपटाने सांगितलेलेच ऐकत राहतात.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष मैफल

सियानी यांची किंवा चार स्पीकरांवर वाजवणाऱ्या अन्य कोणा संगीतकाराची मैफल ऐकण्याची संधी मिळाली, तर तिकिटाइतकाच जागेचा विचार करावा. नेहमीच्या मैफलीत आपण कलाकाराच्या जवळ बसायला धडपडतो. येथे पुढची रांग ही सर्वांत वाईट जागा ठरू शकते, कारण तिथे पुढचे दोन स्पीकर कानाशी आणि मागचे दोन फार दूर राहतात. लवकर पोहोचावे, चारही स्पीकर कुठे आहेत ते शोधावे आणि त्यांच्या साधारण मध्यभागी, शक्यतो किंचित मागच्या बाजूला बसावे. भिंतीला टेकून बसू नये. उभ्याची मैफल असेल तर मध्ये उभे राहावे आणि एकदा तरी सावकाश स्वतःभोवती वळून पाहावे. मागचा आवाज पुढे आला की तो किती वेगळा भासतो, हे त्या एका वळण्यात समजते.

सियानी यांच्या मैफलींत पुष्कळदा वरून लावलेल्या कॅमेऱ्यातून त्यांचे हात आणि वाद्य पडद्यावर दाखवले जाते. पहिली दहा मिनिटे पडदा पाहावा. त्यांचा हात एखाद्या खटक्याकडे गेला की त्यानंतर काय बदलले ते ऐकावे. बदल लगेच होईलच असे नाही, कारण काही हालचाली पुढच्या फेरीसाठी केलेल्या असतात. दिवे चमकत असतात, ते साखळीची सध्याची जागा दाखवतात. कार्यकारणाचे हे नाते थोडे पकडता आले की डोळे मिटावेत, कारण उरलेली मैफल डोळ्यांवाचूनच चांगली ऐकू येते. जवळ साधे कर्णरक्षक बोळे असू द्यावेत. खालचे स्वर मोठ्या सभागृहात अंगावर येतात आणि थकलेल्या कानाला पोत ऐकू येत नाही.

सहावी पायरी: स्वतः एक साखळी जोडून पाहणे

बुकला विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण तत्त्व समजण्यासाठी त्याची गरज नाही. व्हीसीव्ही रॅक हे मॉड्यूलर सिंथेसायझरचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर चालते. त्याच्या मूळ संचातलीच मॉड्यूले वापरून पुढील जोडणी करता येते.

व्हीसीओ हे स्वर निर्माण करणारे मॉड्यूल घ्यावे आणि त्याचा करवती तरंग व्हीसीएफ या फिल्टरमधून, तिथून व्हीसीए या आवाज कमी-जास्त करणाऱ्या मॉड्यूलमधून काढून ऑडिओ मॉड्यूलपर्यंत न्यावा. एसईक्यू ३ हा सिक्वेन्सर घ्यावा. त्यात आठ घरांच्या तीन रांगा असतात. पहिल्या रांगेचे व्होल्टेज व्हीसीओच्या स्वरनियंत्रणाला द्यावे. एलएफओ या संथ लहरी देणाऱ्या मॉड्यूलची चौकोनी लहर सिक्वेन्सरच्या क्लॉकला, म्हणजे ठोके घेणाऱ्या जागेला, जोडली की साखळी फिरू लागेल. आता सिक्वेन्सरचा ट्रिगर, म्हणजे दर घराला निघणारा इशारा, एडीएसआर या आवाजाचा चढउतार ठरवणाऱ्या मॉड्यूलला द्यावा, तिथे आघात शून्यावर, टिकाव शून्यावर आणि उतार थोडा लांब ठेवावा, आणि त्यातून निघणारे वळण व्हीसीए आणि फिल्टर या दोघांनाही द्यावे. आवाज लहान होताना त्याची तेजस्विताही मावळू लागेल, म्हणजेच वर वर्णन केलेल्या बंद डबीतल्या दिव्याची ही जवळची नक्कल झाली. फिल्टरला जोडलेली तार क्षणभर काढून पाहावी. आवाज लगेच यंत्राचा वाटू लागेल. पुन्हा जोडली की तो कोणीतरी टिचकी मारल्यासारखा होईल.

एवढे जमल्यावर अशीच दुसरी साखळी उभी करावी, तिला तीच क्लॉक द्यावी, पण तिची घरे सात ठेवावीत. एक साखळी आठ घरांची आणि दुसरी सातांची असल्याने दोघी एकत्र निघून ५६ ठोक्यांनी पुन्हा एकत्र येतात. मधल्या काळात एकही स्वर हाताने न बदलता त्यांच्यातले नाते सतत बदलत राहते. शेवटी एलएफओचे आणखी एक मॉड्यूल घेऊन त्याच्या संथ लहरीने पहिल्या साखळीचा आवाज डाव्या स्पीकरमध्ये वाढेल तेव्हा उजव्यात घटेल अशी व्यवस्था करावी, आणि त्या लहरीचा वेग कमी-जास्त करून पाहावा. फार वेगवान केली तर हालचाल नुसती थरथर होते. मनाला पटेल असा वेग कोणता, हे दर खोलीत आणि दर आवाजाला निराळे ठरते, त्यामुळे तो आकड्याने न ठरवता कानाने ठरवावा.

तास-दोन तास या दोन साखळ्यांशी खेळून झाल्यावर संगणक बंद करावा आणि १९७५ची मैफल चौथ्यांदा लावावी. या वेळी साखळी जिथे निसटते त्या जागी थांबून पाहावे, की कोणती तार, कोणता खटका किंवा कोणता वेग तिथे बदलला असेल.